अर्धे राहिलेले पुस्तक

हाती घेतलेले काम अर्धवट टाकू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. पानात वाढलेले अन्न टाकू नये, मांडलेला डाव मोडू नये, काढू घेतलेली रांगोळी अपुरी ठेवू नये, असे घरातील वडीलधारी माणसे सांगत असतात. ही शिकवण योग्यच आहे. काम तडीस नेण्याच्या सवयीनेच माणसाच्या अंगी चिकाटी बाणते. परंतु हाच नियम पुस्तकांनाही लावावा काय? थोरामोठ्यांनी वाखाणलेली एखादी कादंबरी आपण मोठ्या उत्साहाने उघडावी, आणि पन्नास-साठ पाने वाचूनही तिच्यात मन रमू नये, असे पुष्कळदा घडते. डोळे ओळींवरून फिरत राहतात आणि मन मात्र अंगणात खेळणाऱ्या मुलांकडे धाव घेते. अशा वेळी काय करावे? ती कादंबरी नेटाने शेवटपर्यंत वाचावी, की मिटून ठेवून दुसरी घ्यावी?

प्रश्न दिसायला किरकोळ आहे. तरीही पुष्कळ मुलांचे वाचन याच वळणावर थांबते, आणि काही जणांचे तर कायमचेच थांबते. म्हणून त्याचा थोडा शांतपणे विचार केला पाहिजे.

प्रथम ‘कादंबरी’ या शब्दाचीच हकीकत पाहू. सातव्या शतकात सम्राट हर्षवर्धनाच्या आश्रयाला बाणभट्ट नावाचा थोर संस्कृत पंडित होता. त्याने गद्यात एक प्रेमकथा लिहिली आणि तिला नायिकेचे नाव दिले. ती नायिका म्हणजे कादंबरी. पुढे मराठीत दीर्घ कल्पित कथेला हेच नाव रूढ झाले. बाणभट्टाचा हा ग्रंथ संस्कृत साहित्याचे भूषण मानला जातो. परंतु त्यातील समास इतके लांब आणि वाक्ये इतकी विस्तीर्ण आहेत की, संस्कृत उत्तम जाणणाऱ्यालाही तो सावकाश आणि टीकेच्या साहाय्यानेच वाचावा लागतो. आणखी एक गोष्ट मोठी मौजेची आहे. हा ग्रंथ पुरा होण्यापूर्वीच बाणभट्टाचा अंत झाला आणि राहिलेला भाग त्याच्या पुत्राने रचला. म्हणजे ज्या ग्रंथावरून आपण कादंबरी हा शब्द घेतला, तो ग्रंथ लिहिणाराच्याच हातून अर्धा राहिला होता!

ज्या ग्रंथांचे मोल अनेक पिढ्यांनी मान्य केले आहे, त्यांना आपण अभिजात म्हणतो. असा ग्रंथ वंदनीय असतो. परंतु वंदनीय आणि आवडता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ हे पुस्तक १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा उल्लेख होतो. विधवा स्त्रियांची दुःखे त्या पुस्तकाने वाचकांपुढे मांडली. पहिली पायवाट पाडणाऱ्याचा मान त्याला सदैव मिळेल. तथापि, आजच्या बारा वर्षांच्या मुलाला ते गोडीने वाचता येईलच, असे नाही. एखाद्या पुस्तकाला मान देण्यासाठी ते आपल्याला आवडलेच पाहिजे, असे नसते. त्याचप्रमाणे ते आवडले नाही म्हणून त्याची किंमतही कमी होत नाही. एवढे लक्षात ठेवले, म्हणजे पुढचा विचार सोपा होतो.

आमच्या शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याची एक वाचनवही असे. वाचलेल्या पुस्तकाचे नाव, लेखक आणि थोडक्यात कथासार तीत लिहावयाचे, अशी पद्धत होती. एकदा इयत्ता सातवीच्या वह्या तपासताना एका विद्यार्थिनीची नोंद माझ्या नजरेस आली. तिने हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी वाचल्याचे लिहिले होते. कथासारही व्यवस्थित होते. अडचण एवढीच होती की, तेच सार, त्याच शब्दांत आणि त्याच एका अशुद्ध शब्दासह, तिच्या मैत्रिणीच्याही वहीत होते.

मी तिला बोलावून विचारले, “बाळ, या कादंबरीतला कोणता प्रसंग तुला सर्वांत अधिक आवडला?”

ती खाली पाहत उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “सर, मी सत्तर पानं वाचली. पुढं माझ्याच्यानं वाचवेना.”

“मग तसेच का लिहिले नाहीस?”

“ती मोठी कादंबरी आहे असं बाईंनी वर्गात सांगितलं होतं. मोठी कादंबरी मला आवडली नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकत असणार. सर, मला वाचनातलं काही कळत नाही असं वाटतं. मी आता पुस्तकं नेणारच नव्हते.”

तिच्या या शेवटच्या वाक्याने मी सावध झालो. खोटी नोंद ही चूक होतीच. परंतु तिच्या मुळाशी असलेला समज त्याहून घातक होता. एक पुस्तक पुढे सरकले नाही, एवढ्यावरून ती मुलगी सगळ्या ग्रंथालयाकडे पाठ फिरवायला निघाली होती. न वाचलेले वाचले म्हणून लिहिणे, आणि एक पुस्तक आवडले नाही म्हणून वाचनच सोडणे, हे दोन्ही तोटे तिला त्या सत्तर पानांच्या लाजेने करून दिले होते.

मी तिला जुनी नोंद खोडायला सांगितली आणि म्हटले, “आता खरे तेच लिही. किती पाने वाचलीस, कोठे थांबलीस आणि का थांबलीस, ते लिही.” कथासार उतरून काढायला तिला फार वेळ लागला नसावा; पण या चार ओळी लिहायला अर्धा तास लागला. तिने लिहिले होते की, घरात माणसे फार आहेत, त्यांची नाती ध्यानात राहत नाहीत, सारे काही घरातच घडते आणि बोलणे फार वेळ चालते. त्या वहीतील ती तिची पहिली खरी नोंद होती. कारण पुस्तकाविषयी स्वतःचे मत तिने प्रथमच मांडले होते.

तिने सांगितलेल्या अडचणी खोट्या नव्हत्या. त्यांची कारणे मात्र शोधली पाहिजेत. एखादे चांगले पुस्तक आपल्याला कंटाळवाणे वाटते, त्याला बहुधा तीन कारणे असतात.

पहिले कारण भाषेचे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कादंबरीत माजघर, ओसरी, मेणा, दिवटी असे शब्द पदोपदी येतात. ज्याने माजघर पाहिलेच नाही, त्याच्या डोळ्यांपुढे त्या घराचे चित्र उभे राहत नाही. आणि चित्र उभे राहिले नाही, म्हणजे कथेची गोडी लागत नाही. याला उपाय आहे. असे पान मोठ्याने वाचावे, शब्दकोश जवळ ठेवावा, आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारावे. जे शब्द पुस्तकात निर्जीव वाटतात, ते आजीच्या तोंडून ऐकताच जिवंत होतात.

दुसरे कारण वयाचे. या कादंबरीत यमू आपली हकीकत आपणच सांगते. बालपणी झालेला विवाह, सासरचे जिणे, पुढे आलेले वैधव्य आणि त्या काळच्या रूढींनी विधवांवर केलेला अन्याय, हे सारे तीत आहे. यातील काही दुःखे समजण्यासाठी वाचकानेही आयुष्यात थोडे पाहिलेले असावे लागते. कैरी आंबट लागते, म्हणून झाड वाईट ठरत नाही. ती पिकण्याची वाट पाहावी लागते. मात्र पुस्तकाच्या बाबतीत पिकायचे असते ते वाचकाने!

तिसरे कारण वाचण्याच्या रीतीचे. याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘करमणूक’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. ही कादंबरी प्रथम त्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८९३ मध्ये तिचे पुस्तक निघाले. तेव्हाच्या वाचकाला आठवड्याला थोडाच मजकूर मिळे. तो वाचावा, घरात त्यावर बोलावे, आणि पुढे काय होईल याचा तर्क करीत आठवडाभर वाट पाहावी, असा तो क्रम होता. अशा वाचकाला प्रसंगाचा विस्तार खटकत नसे. उलट तो हवाच असे. आज आपण तेच लेखन एका सुटीत संपवायला बसतो. महिनाभर पुरावा म्हणून केलेला फराळ एका बैठकीत खाल्ला, तर तो गोड कसा लागेल? दोष फराळाचा नसतो आणि खाणाऱ्याच्या जिभेचाही नसतो.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाकडे पाहा. हे पुस्तक त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यातील प्रकरणांना ‘रात्र’ असे नाव आहे. श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो. हे पुस्तक कसे वाचावे, ते त्याच्या प्रकरणांच्या नावांतच सांगितलेले आहे. रोज एक रात्र वाचावी आणि दिवा मालवावा. एकापाठोपाठ दहा रात्री वाचणाऱ्याला कदाचित तोच तोपणा वाटेल. रोज एक वाचणाऱ्याला तो वाटणार नाही.

तेव्हा पुस्तक मिटण्यापूर्वी आपल्याला भाषा अडते आहे, वय अडते आहे की वाचण्याची रीत अडते आहे, हे स्वतःला विचारावे. भाषा किंवा रीत अडत असेल, तर उपाय करून पाहावा. वय अडत असेल, तर मात्र हट्ट धरू नये.

येथे कोणी म्हणेल, “मग तर फारच सोयीचे झाले! दोन पाने वाचावी, जांभई आली की पुस्तक मिटावे.” तसे नाही. विहीर खणणारा मनुष्य पाच हात खणून जागा बदलू लागला, तर गावभर खड्डे होतील, पण पाणी लागणार नाही. पुस्तकालाही आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. यासाठी मी विद्यार्थ्यांना एक साधा हिशेब सांगत असे. पुस्तकाच्या एकूण पानांचा दहावा भाग वाचावा, आणि तोही तीन निरनिराळ्या दिवशी वाचावा. तीनशे पानांचे पुस्तक असेल, तर रोज दहा याप्रमाणे तीस पाने होतात. एखाद्या दिवशी आपलेच मन ठिकाणावर नसते. दमलेले असतो, भूक लागलेली असते किंवा सामन्याचा निकाल ऐकायचा असतो. तीनही दिवशी तसे होणार नाही. इतके करूनही पुढे काय होते हे जाणण्याची इच्छा मनात उत्पन्न झाली नाही, तर पुस्तक निःशंकपणे मिटावे. अर्थात हा नियम स्वेच्छेने घेतलेल्या पुस्तकांचा आहे. पाठ्यपुस्तकातील धड्यांना तो लागू नाही, हे चाणाक्ष विद्यार्थ्यांना सांगायला नकोच!

पुस्तक मिटतानाही एक शिस्त असावी. आपण कोठे थांबलो, ते वहीत लिहून ठेवावे. का थांबलो, तेही लिहावे. ‘पुस्तक वाईट आहे’ असे लिहू नये, कारण न वाचलेल्या पानांविषयी आपल्याला बोलता येत नाही. ‘मला येथपर्यंत गोडी लागली नाही’ असे लिहावे. पहिल्या वाक्यात पुस्तकाचा न्यायनिवाडा आहे. दुसऱ्यात केवळ आपली हकीकत आहे, आणि ती सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या दिवशी एक पुस्तक परत करायचे, त्याच दिवशी दुसरे घ्यायचे. मध्ये आठ दिवस गेले, की आठाचे पंधरा होतात आणि पंधराचे वर्ष होते. त्या मुलीलाही मी त्याच दिवशी ग्रंथालयात पाठविले. तिला मी कोणतेही नाव सांगितले नाही. पाच पुस्तके काढून प्रत्येकाची पहिली दोन पाने उभ्यानेच वाच आणि ज्याचे तिसरे पान उलटावेसे वाटेल ते घे, एवढेच सांगितले. ती व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ घेऊन आली.

‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. माणदेशातील मेंढपाळांच्या एका लहानशा वाडीत शिक्षक म्हणून एक तरुण मास्तर जातो. तेथे शाळा आहे, पण शाळेत मुलेच नाहीत. मुले मेंढरांमागे रानात असतात. त्यांना गोळा करण्यापासून मास्तरला आरंभ करावा लागतो. वाडीचा वृद्ध कारभारी, तेथील भोळी पण करारी माणसे, उघडे माळ आणि मेंढरे यांचे चित्र माडगूळकरांनी थोड्या आणि साध्या शब्दांत रेखाटले आहे. पुढे दुष्काळ येतो. मग त्या वाडीचे काय होते, ते ज्याने त्याने वाचूनच जाणावे.

हेच पुस्तक का घेतलेस, असे विचारता ती म्हणाली, “त्या शाळेत मुलं येतात की नाही, ते मला पाहायचं होतं.” पुस्तक निवडण्यासाठी याहून चांगले कारण मला ठाऊक नाही. पुस्तक फार मोठे नव्हते. चार दिवसांत तिने ते परत आणले, आणि वहीत या वेळी चार ओळींची दीड पाने झाली होती.

पुढे नववीत असताना तिने आपट्यांची ती कादंबरी पुन्हा नेली. या वेळी दर रविवारी थोडा भाग ती आपल्या आजीला वाचून दाखवीत असे. पुस्तक पुरे व्हायला जवळजवळ वर्ष लागले. परंतु ते पुरे झाले. असे प्रत्येक पुस्तकाच्या बाबतीत घडेलच, असे मात्र समजू नये. काही पुस्तकांकडे आपण पुन्हा वळतो, काहींकडे कधीच वळत नाही. त्यात काही बिघडत नाही. जगातील सारे उत्तम ग्रंथ वाचायला एक आयुष्य पुरत नाही. म्हणून निवड ही करावीच लागते.

डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पुढे भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून मान्यता पावले. त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याच्या जोगते पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक लाभला पाहिजे, असा त्यांतील दोन नियमांचा आशय आहे. या दोन नियमांत आपल्या प्रश्नाचे उत्तर सामावलेले आहे. जे पुस्तक आपण परत ठेवतो, ते वाया जात नाही. फळीवर ते आपल्या खऱ्या वाचकाची वाट पाहते. कदाचित तो वाचक दुसरा कोणी असेल, कदाचित चार वर्षांनी मोठे झालेले आपणच असू.

मुलांनो, पुस्तक अर्धे ठेवणे हा अपराध नव्हे. त्याला पुरेशी संधी न देता टाकणे हा उतावळेपणा आहे. न वाचता वाचले म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे. आणि एका पुस्तकावर रुसून सगळ्या पुस्तकांशी अबोला धरणे, हे मात्र मोठे नुकसान आहे. तेव्हा एक पुस्तक मिटाल तेव्हा दुसरे उघडायला विसरू नका.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मराठीतील ‘कादंबरी’ हा शब्द कोणत्या ग्रंथावरून आला?
(आ) ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी प्रथम कोणत्या साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली?
(इ) विद्यार्थिनीने ‘बनगरवाडी’ हे पुस्तक कोणत्या कारणासाठी निवडले?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) चांगले पुस्तक कंटाळवाणे वाटण्याची कोणती तीन कारणे लेखकाने सांगितली आहेत?
(आ) वंदनीय पुस्तक आणि आवडते पुस्तक यांत काय फरक आहे?
(इ) ‘पुस्तक वाईट आहे’ आणि ‘मला गोडी लागली नाही’ या दोन वाक्यांतील भेद स्पष्ट करा.

३. कारणे द्या.
(अ) विद्यार्थिनीचे शेवटचे वाक्य ऐकून लेखक सावध झाले.
(आ) ‘श्यामची आई’ हे पुस्तक रोज थोडे वाचावे.

४. पुढील शब्दांचा व वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
तडीस नेणे, पाठ फिरवणे, पदोपदी, निःशंकपणे, अबोला धरणे.

५. चर्चा करा.
हाती घेतलेले कोणते काम अर्धे सोडू नये आणि कोणते सोडले तरी चालेल? वर्गात दोन गट करून आपापली बाजू मांडा.

६. उपक्रम.
शाळेच्या ग्रंथालयातील पाच पुस्तकांची पहिली दोन-दोन पाने वाचा. त्यांपैकी कोणते पुस्तक पुढे वाचावेसे वाटले आणि का, ते आपल्या वहीत आठ-दहा ओळींत लिहा.